हार्ले की इंडियन? हेवी क्रूझरची टेस्ट राइड घेताना या चुका टाळा

हार्ले-डेव्हिडसन किंवा इंडियन या अमेरिकन कंपन्यांच्या मोठ्या क्रूझरची (आरामात लांब चालवायच्या जड बाइकची) टेस्ट राइड घेऊन तोंड पाडून परत आलेला माणूस फारसा दिसत नाही. थ्रॉटल जरा पिळला की खालूनच असा टॉर्क (इंजिनची ओढ) येतो की बाकी सगळं विसरायला होतं, आणि गडबड तिथंच होते, कारण 300 किलोच्या वरची गाडी सरळ मोकळ्या रस्त्यावर कुणालाही भारीच वाटणार. तिचा खरा स्वभाव कळतो तो थांबताना, वळवताना आणि पार्किंगमधून मागं ढकलताना, आणि नेमकं तेच कुणी करून बघत नाही.

पहिली चूक तर गाडीवर बसायच्या आधीच होते. लोक हार्लेची फॅट बॉय आणि इंडियनची स्काउट शेजारी शेजारी ठेवून तुलना करतात, आता या दोन गाड्यांचा एकमेकींशी काय संबंध? जोड्या नीट लावा. हार्लेची स्ट्रीट ग्लाइड असेल तर समोर इंडियनची चीफटेन, कारण दोघींचं फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं कवच) हँडलबरोबर फिरतं. रोड ग्लाइड असेल तर चॅलेंजर, दोघींचं फेअरिंग फ्रेमला पक्कं बसवलेलं. लो रायडर एस असेल तर स्पोर्ट चीफ. रोड ग्लाइडवरून उतरून सरळ चीफटेनवर बसलात तर हँडल जड वाटेल, आणि तुम्ही दोष द्याल इंजिनला नाहीतर टायरला.

मग येतात स्पेक शीटमधले आकडे. हार्ले सीटची उंची दोन प्रकारे देते, रिकाम्या गाडीची आणि वर माणूस बसून सस्पेन्शन दबल्यावरची, आणि दोन्हीत काही सेंटीमीटरचा फरक असतो. एका कंपनीचा दबलेला आकडा दुसरीच्या रिकाम्या आकड्याशी लावला तर तुलना गेलीच. वजनाचंही तसंच, एक आकडा कारखान्यातून निघतानाचा आणि दुसरा पेट्रोल, ऑइल सगळं भरून. रोड ग्लाइडची टाकी 22.7 लिटरची आहे, म्हणजे नुसतं पेट्रोलच 16-17 किलो झालं. आणि तसंही माझं मत विचाराल तर पाय टेकतात का हे कागदावर बघायचंच नाही, जे बूट घालून रोज चालवणार तेच घालून बसा आणि दोन्ही पाय पूर्ण टेकतात का बघा, एका बाजूला उतार असताना पण.

आता मुख्य मुद्दा, स्लो स्पीड. इंजिन चालू करायच्या आधी गाडी साइड स्टँडवरून सरळ करा, हँडल मधे आणा आणि पायांनी चार-पाच फूट मागं ढकलून बघा. इथंच दम लागला तर पुढची राइड कितीही मस्त होऊ दे, रोजची कटकट तुमचीच आहे. नंतर मोकळ्या जागेत हाफ क्लचवर, मागचा ब्रेक हलका धरून, इंजिनचे आरपीएम जरा वर ठेवून दोन्ही बाजूंना यू टर्न मारा. नजर जिथं जायचंय तिथं, पुढच्या चाकाकडे नाही. आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका, चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक कचकन दाबला की एवढं वजन आतल्या बाजूला झोपतं आणि मग ते हातापायाने सावरायला जाऊ नका, पाय काढून बाजूला व्हा. गाडी पडली तर खर्च कुणाचा हे राइड घ्यायच्या आधीच विचारून घ्या, सही करायच्या कागदावर ते लिहिलेलं असतं आणि तो कागद कुणी वाचत नाही.

थंड इंजिनवर दहा मिनिटं चालवून परत येणं ही पण तेवढीच मोठी चूक. एअर कूल्ड व्ही ट्विनचा (हवेने गार होणारं, V आकारात दोन सिलिंडरचं इंजिन) मागचा सिलिंडर तुमच्या मांडीखालीच असतो, त्याची धग कळते इंजिन पूर्ण तापल्यावर, सिग्नलला उभं राहिल्यावर, आणि उजव्या मांडीला जास्त कारण मागच्या सिलिंडरचा पाइप त्या बाजूने जातो. चॅलेंजरचं पॉवरप्लस इंजिन लिक्विड कूल्ड (द्रवाने गार होणारं) आहे, तिथं हे गणित वेगळं, म्हणून दोन्ही गाड्या तापवूनच तुलना करा. आणि तापल्यावर आयडलिंगला (थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना) आवाज अचानक बदलला, एकाच सिलिंडरवर चालल्यासारखा धपधप यायला लागला तर घाबरू नका, मिसफायर नाही तो. उष्णता कमी करायला मागचा सिलिंडर मुद्दाम बंद करायची सोय इंडियनच्या थंडर स्ट्रोक इंजिनमध्ये आहे आणि हार्लेच्या बऱ्याच मॉडेल्समध्येही आहे, थ्रॉटल दिला की तो परत चालू होतो.

व्हायब्रेशनबद्दल पण असाच गैरसमज. मिलवॉकी एट इंजिन हार्लेच्या टूरिंग गाड्यांमध्ये (स्ट्रीट ग्लाइड, रोड ग्लाइड) रबर माउंटवर असतं, म्हणून उभ्या गाडीत ते हलताना चक्क डोळ्यांना दिसतं, आणि 2018 पासूनच्या सॉफ्टेल गाड्यांमध्ये (फॅट बॉय, लो रायडर एस यांचं घराणं) तेच इंजिन फ्रेमला घट्ट बसवलंय पण आत दोन काउंटरबॅलन्सर (थरथर मारणारी फिरती वजनं) आहेत. उभी असताना टूरिंग थरथरते म्हणून ती नापास करू नका, हायवेच्या वेगात हँडल, सीट आणि फूटबोर्डवर काय येतंय ते बघा.

काही गोष्टी फॉल्ट वाटतात पण नसतात, त्या पटापट सांगतो. हार्लेचा साइड स्टँड टेकवल्यावर गाडी किंचित पुढं सरकल्यासारखी वाटते, वजन पडलं की तो लॉक होतो. पहिला गिअर टाकताना ठक्क आवाज, नॉर्मल. इंडिकेटरची बटणं बहुतेक हार्लेंना डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे असतात, इंडियनला नेहमीसारखी डाव्या हातालाच, त्यामुळं पहिल्या दोन चौकात गोंधळ होणार, जागेवर उभं राहून एकदा सगळी बटणं दाबून घ्या. स्टार्टच होत नसेल तर किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), न्यूट्रल आणि खिशातली चावीची फॉब, बहुतेक वेळा यातलंच एक निघतं.

वळणावर फूटबोर्ड रस्त्याला घासला की नवीन माणूस दचकून गाडी सरळ करतो किंवा ब्रेक मारतो, आणि तसाच वळणाच्या बाहेर जातो. फूटबोर्ड दुमडणारे असतात, आवाज म्हणजे सूचना आहे, थ्रॉटल स्थिर ठेवा आणि पुढच्या वळणाला वेग आधीच कमी करून शिरा. फॅट बॉय आणि ब्रेकआउटला मागे 240 मिलिमीटर रुंदीचा टायर आहे, त्या वळायला हट्टीपणा करणारच, तो बिघाड नाही, पण तुम्हाला ते रोज चालेल का हा प्रश्न मात्र तुमचाच. लो रायडर एस वर बसून बघा, तेच सॉफ्टेलचं घराणं आणि केवढा फरक.

सस्पेन्शन धपकन आपटतंय म्हणून गाडी बाद करणारे खूप. अहो पण प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) तुमच्या वजनाला लावलाय का ते विचारलं का? डेमोची गाडी आधी कुणाच्या वजनाला लावलेली असेल काही सांगता येत नाही. टायरमधली हवा पण थंड असताना तपासायला सांगा, हवा कमी असेल तर चांगली गाडीसुद्धा म्हशीसारखी वळते. मागं कुणी बसणार असेल तर त्या माणसाला बरोबर न्या, जमलं तर बसवूनच चालवा.

अमेरिकेतल्या स्टर्जिस किंवा डेटोना बाइक वीक अशा मोठ्या बाइक मेळाव्यांना कंपन्यांच्या डेमो राइड असतात, फुकटात बऱ्याच गाड्या बघायला मिळतात, पण तिथं पुढं एक लीडर आणि मागं एक माणूस ठेवून घोळक्यात चालवायचं असतं, वेग त्यांचा आणि रस्ताही त्यांचाच. यादीतल्या पाचाच्या दोन करायला ते ठीक, पण शेवटचा निर्णय त्यावर घेऊ नका.

तो निर्णय घ्यायचा तर एकाच दिवशी, त्याच रस्त्यावर, तेच हेल्मेट घालून. हेल्मेट बदललं की वाऱ्याचे हादरे बदलतात आणि विंडशील्ड उगाच बदनाम होते. राइड मोड पण सारखे ठेवा, एक स्पोर्टला आणि दुसरी टूरला असेल तर ती तुलनाच नाही. एका गाडीला बाहेरचा एक्झॉस्ट लावलेला असेल तर कान तिलाच मत देणार, म्हणून दोन्ही स्टॉकच (कंपनीतून आल्या तशाच) मागा. दुसरी गाडी चालवून झाली की पहिली परत एकदा चालवायला मागा, कारण शेवटी चालवलेली नेहमीच जास्त आवडते. परत द्यायला नाही म्हणाले तर त्या दिवशी ॲडव्हान्स देऊ नका, दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने घ्या.