चेहऱ्यावरचा व्रण लिहिताय? या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की मला फोन सुरू होतात. राज्य नाट्य स्पर्धा, कॉलेजच्या एकांकिका, हल्ली शॉर्ट फिल्मही. "दादा, एक जळलेला चेहरा करून द्याल का? प्रयोग परवा आहे." नाशिकमध्ये रंगभूषा करत मला वीस वर्षं झाली. चेहरा परवापर्यंत होतो, पण त्या चेहऱ्याचं माणूस दोन दिवसांत लिहून होत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जखम किती वर्षांची? बहुतेकांनी तो विचारच केलेला नसतो.

जुन्या व्रणाला लाल रंग

ही चूक मी स्वतः केली आहे. साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग होता. संहितेत नायिकेवर सात वर्षांपूर्वी ॲसिड फेकलेलं. दिग्दर्शकाला घाई, मलाही घाई. लॅटेक्सवर (कातडीवर लावायचं पातळ रबर) टिश्यू पेपर चिकटवला, वरून लाल-तपकिरी रंग दिला, अर्ध्या तासात मोकळा. विंगेत कपडेपट सांभाळणाऱ्या ताई उभ्या होत्या. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून त्यांचा डावा गाल गळ्यापर्यंत भाजलेला. पडदा पडल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, ही तर अजून जळतेच आहे. हिला बरं कधी होऊ देणार?"

नंतर आम्ही चहाला बसलो. त्यांनी चहा बशीत ओतला आणि बशी ओठांच्या उजव्या कोपऱ्याला लावली. डावीकडची कातडी आखडल्यामुळे तोंड पुरतं उघडत नाही. वडापावचे बोटभर तुकडे करून खाल्ले. खालची पापणी ओढली गेल्यामुळे डावा डोळा झोपेतही मिटत नाही, म्हणून रात्री मलम घालून वर पट्टी लावतात. व्रण लाल नव्हताच. चकचकीत, कुठे पांढुरका, कुठे काळपट. तिथे लव उगवत नाही, घामही येत नाही. इतकी वर्षं एका गटात काम करून मी हे कधी नीट पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी नटीच्या ओठाच्या एका कोपऱ्याला पट्टी लावतो आणि तालमीत आठवडाभर तिला तसाच चहा प्यायला लावतो. रंग अगदी शेवटी. ज्यांना हा आठवडा जड वाटतो, त्यांचं काम मी घेत नाही.

व्रण म्हणजे खलनायक

आपल्या गावाचं नावच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं सांगतात. पंचवटीतल्या पोरांना ही गोष्ट शाळेआधीच ठाऊक असते. बोलण्यातही तेच: नाक कापलं, तोंड काळं केलं, तोंड दाखवायला जागा उरली नाही. चेहरा बिघडला म्हणजे यानं काहीतरी केलं असणार, हे प्रेक्षकाच्या मनात आधीच बसलेलं असतं. मग गुंडाच्या गालावर एक चीर ओढली की लेखकाचं काम भागतं. हा निव्वळ आळस आहे आणि तो मला सहन होत नाही.

खरी माणसं बघा. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात कावसजीची हकीकत छापून आली. इंग्रज फौजेतला हा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात तोडला गेला. तसाच तो मुंबईच्या फौजेला जाऊन मिळाला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. त्या हकिकतीवरून युरोपातल्या सर्जननी ही रीत उचलली. यातला कोणता माणूस तुम्ही खलनायक करणार?

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं तर २०१८ साली जाहीर केलं की खलनायकाची ओळख म्हणून चेहऱ्यावर व्रण दाखवणाऱ्या चित्रपटांना ते पैसे देणार नाहीत. माझा उपाय साधा आहे. संहितेतला व्रणाचा प्रत्येक उल्लेख पेन्सिलीनं खोडतो आणि पुन्हा वाचतो. माणूस तरीही दुष्ट वाटला, तर व्रणाची गरज नव्हती. नाही वाटला, तर संहिता परत.

बाकीच्या

आरसा फोडू नका. सात वर्षांच्या व्रणाचा माणूस रोज त्याच आरशात बघून केस विंचरतो.

पट्ट्या सोडल्या आणि नायिका पूर्वीसारखी, हेही बंद करा. मांडीची कातडी गालावर लावली तर तिचा रंग वेगळा राहतो, शस्त्रक्रिया एकावर भागत नाही, आणि व्रण मऊ पडायला वर्ष-दीड वर्ष जातं.

१९९० साली जन्मलेल्या पात्राला देवीचे व्रण देऊ नका. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण नाही.

ॲसिड फेकणाऱ्याच्या 'एकतर्फी प्रेमा'ला बासरी लावू नका. २०१३ पासून हा कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा किमान १० वर्षं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत. तुमची नायिका ऑफिसात पहिल्या दिवशी डबा कुणाबरोबर खाते, तो प्रवेश लिहा.

माझ्याकडे येणारी अशी प्रत्येक संहिता आता आधी त्या ताई वाचतात. गेल्या आठवड्यात एका मुलाच्या दुसऱ्या अंकाच्या समासात त्यांनी लिहिलं, "ही जेवते कधी?" तो अंक त्यानं पुन्हा लिहायला घेतला आहे. तुमची संहिता असेल तर प्रयोगाला महिना असताना आणा.