ओवेन डिफेन्स: काळ्याने या चुका टाळा

बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशकात समोरचा खेळाडू सिसिलियनची (१. ई४ ला सी५ हे उत्तर) तयारी करूनच पटावर बसतो. १. ई४ (पांढऱ्याच्या राजापुढचं प्यादं दोन घरं) ला बी६, म्हणजे ओवेन डिफेन्स, आलं की ती तयारी तिथंच थांबते. १८५८ मध्ये लंडनला जॉन ओवेन यांनी त्या काळच्या सर्वांत बलाढ्य खेळाडूला, खुद्द पॉल मॉर्फीला, याच चालीने हरवलं होतं. पण मधली घरं पांढऱ्याला देऊन बाजूने दाबायचं, म्हणजे काळ्याला उशीर परवडत नाही.

सगळ्यात महागात पडते ती घाई. २. डी४ उंट बी७ ३. उंट डी३ नंतर अनेकांना एफ५ चा मोह होतो, कारण ई४ चं प्यादं हललं की जी२ उघडं पडतं. बघा काय होतं: ४. प्यादं एफ५ मारतं, उंट जी२ मारतो ५. वजीर एच५ शह, जी६ ६. प्यादं जी६ मारतं. आता वजिरावर हल्ला म्हणून घोडा एफ६ केलात की संपलं. ७. प्यादं एच७ मारतं, उठता शह (प्यादं हटल्याने मागच्या वजिराचा शह). घोडा वजीर मारतो आणि ८. उंट जी६, मात! त्या उंटाला मारायला एच प्यादं उरलेलंच नसतं. तिसरी चाल ई६ च करा.

मग ४. घोडा एफ३ ला लगेच सी५, आणि ५. सी३ ला घोडा एफ६. सी५ लांबवून डी६, घोडा डी७ करत बसलात, तर पांढरा सी४ आणि डी५ करून बी७ च्या उंटाचं तोंड बंद करतो.

पांढऱ्याने ३. घोडा सी३ केला तर ई६ ४. घोडा एफ३ उंट बी४. सी३ चा घोडा जखडला (हलला तर मागच्या राजाला शह), म्हणजे ई४ ला आता त्याचा आधार नाही. क्लब पातळीवर इथे ५. उंट सी४ हमखास येतो आणि ई४ चं प्यादं फुकट मिळतं. ५. उंट डी२ आला तर आधी सी३ चा घोडा मारा, मग ई४ चं प्यादं. क्रम उलटा केलात तर सुटलेला घोडा ई४ वर तुमचा उंट मारेल.

कॅसलिंगही (राजा-हत्तीची किल्लेबंदी) सवयीने करू नका. ई५ मुळे एफ६ चा घोडा हटला असेल, पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर आणि वजिराला एच५ ची वाट मोकळी असेल, तर कॅसलिंगनंतर एच७ वर उंटाचा बळी येऊ शकतो: राजाने मारला की घोडा जी५ शह, मग वजीर एच५. अशा वेळी आधी सी५ च्या प्याद्याने डी४ मारा, उंट ए६ करून डी३ चा उंट बदलून घ्या, राजा नंतर हलवा.