क्लच खोलताय? आधी स्लेव्ह सिलेंडर कुठंय ते बघा

आयटीआयची दोन वर्षं झाली की वाटतं इंजिन खोलता येतं म्हणजे आपण मेकॅनिक झालो. नाही झालो राव. पार्ट बदलणं सोपंय, पार्टपर्यंत हात पोचवणं हेच खरं काम. जुन्या मारुती ८०० चं बॉनेट उघडलं की ७९६ सीसीच्या इंजिनाशेजारून खाली जमीन दिसायची, पाना कसाही फिरायचा. आता बोट घालायला जागा नाही.

मला कशात लागलं ते सांगतो. क्लचचा स्लेव्ह सिलेंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं पिस्टन पुढे ढकलून क्लच सोडवणारा पार्ट. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाहेर असतो, दोन बोल्ट काढले की हातात. पण बऱ्याच नव्या गाड्यांत तो आत, इनपुट शाफ्टभोवतीच (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सात नेणारा दांडा) बसवलेला असतो, क्लचला दाबणारं रिलीज बेअरिंगही त्यालाच, ते ढकलणाऱ्या फोर्कची भानगडच नाही. कंपनीला जोडायला सोपं, पण आतलं सील गेलं की बॅटरी, ट्रे, दोन्ही एक्सल, माउंट काढून, इंजिनाला टेकू देऊन अख्खा गिअरबॉक्स खाली.

अशाच एका गाडीत मी क्लचची प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट नवी टाकली. सिलेंडर कोरडा दिसला, कस्टमर म्हणाला खर्च नको, मी पण हो म्हटलं. बाविसाव्या दिवशी पेडल जमिनीला. झालं असं की प्लेट झिजते तसा पिस्टन मागे सरकत जातो, नवी टाकली की तो पुन्हा पुढे येतो, आणि तिथं इतके दिवस साचलेल्या घाणीवर जुनं सील घासतं आणि फाटतं. ब्रेक ऑइल नव्या प्लेटवर सांडलं, म्हणजे प्लेटपण गेली. दुसरी प्लेट माझ्या पगारातून आणि लेबर फुकट. तेव्हा क्लच टाकताना हा सिलेंडर बदलायचाच, कोरडा असला तरी. आणि गिअरबॉक्स खाली असताना पेडल कुणालाही दाबू देऊ नका, पिस्टन उडून बाहेर येतो.

घाबरू नका पण, तिसऱ्या-चौथ्या गिअरबॉक्सनंतर हात बसतो. व्हिडिओ बघा, फक्त त्यात गंजलेला बोल्ट कधीच तुटत नाही हे लक्षात ठेवा. उस्ताद शिव्या देणारा चालेल, सहा महिने नुसतं पार्ट धुवायला लावणारा असेल तर सरळ दुसरं गॅरेज बघा.

परवा तसलीच गाडी आली, कस्टमर म्हणाला सिलेंडर राहू दे. मी म्हटलं काका, मग गाडी दुसरीकडे न्या. चिडून गेले, संध्याकाळी सिलेंडर घेऊन परत आले.