कॅनडाचा वर्क परमिट आणि ‘कॉमन-लॉ’ दर्जा: सातारा-सांगलीच्या अर्जदारांनी तो कसा ठरवावा

कॅनडाबाहेरून तात्पुरत्या वर्क परमिटसाठी अर्ज करताना भरावयाच्या आयएमएम १२९५ या फॉर्ममध्ये वैवाहिक स्थितीचा एक रकाना असतो आणि त्यात अविवाहित, विवाहित, घटस्फोटित अशा पर्यायांच्या जोडीला ‘कॉमन-लॉ’ (लग्न न करता दाम्पत्यासारखे एकत्र राहणारे) हाही पर्याय दिलेला असतो. कराड, विटा किंवा तासगावहून नोकरीसाठी पुण्यात गेलेली आणि तेथे जोडीदारासोबत लग्न न करता राहणारी मंडळी या रकान्यापाशी अडखळतात आणि बहुधा विचारतात की, यातले काय लिहिले तर फायद्याचे ठरेल? ही सुरुवातच चुकीची आहे. हा दर्जा अर्जदाराने निवडायचा नसतो. अटी पूर्ण झाल्या असतील तर घरच्यांना ठाऊक असो वा नसो, तो लागू झालेलाच असतो, आणि अटी पूर्ण नसतील तर कितीही स्टॅम्पपेपर केले तरी तो मिळत नाही.

कॅनडाच्या २००२ सालच्या इमिग्रेशन नियमावलीतील व्याख्येचा आशय असा की, दोन व्यक्ती दाम्पत्यासारख्या नात्याने एकत्र राहत असाव्यात आणि अशा राहण्याला किमान एक वर्ष पूर्ण झालेले असावे. जोडपे स्त्री-पुरुषाचे असो वा समलिंगी, नियम एकच आहे. दोघांचे वय मात्र १८ वर्षे पूर्ण असावे लागते.

महिने मोजण्याआधी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे आपले लग्न झालेले आहे का. प्रश्न विचित्र वाटेल, परंतु गावात भटजींच्या साक्षीने सप्तपदी झाली, जेवणावळी उठल्या, पण नोंदणी राहून गेली, म्हणून स्वतःला ‘कॉमन-लॉ’ समजणारी जोडपी असू शकतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार विधिपूर्वक झालेला विवाह नोंदणीअभावी अवैध ठरत नाही आणि जेथे विवाह झाला तेथील कायद्याने वैध असलेला विवाह कॅनडा सामान्यतः मान्य करतो. अशा जोडप्याने ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत राहिलेली नोंदणी करून घ्यावी आणि रकान्यात ‘विवाहित’ असे लिहावे. याउलट साखरपुडा झाला, सुपारी फुटली, याद्या झाल्या, एवढ्याने वैवाहिक स्थिती बदलत नाही. पहिल्या जोडीदारापासून कायमचे वेगळे झालेल्या पण कोर्टाचा घटस्फोट अद्याप न मिळालेल्या व्यक्तीलाही कॅनडाच्या दृष्टीने नवा कॉमन-लॉ जोडीदार असू शकतो. मात्र पहिला संसार खरोखर संपला आहे हे कागदोपत्री दाखवावे लागते आणि तो इतिहास अर्जात लपवून चालत नाही.

आता वर्षाची मोजणी. हे वर्ष सलग बारा महिन्यांचे हवे, म्हणजे आधी चार महिने, मग दोघे आपापल्या गावी आणि पुन्हा आठ महिने, अशी बेरीज चालत नाही. नोकरीच्या कामासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी एकजण थोडे दिवस दूर राहिला तर सलगता तुटत नाही. पण घर मोडून दोघे वेगळे झाले तर तुटते. वर्ष अर्जाच्या तारखेपर्यंत पूर्ण झालेले असले पाहिजे, निर्णय येईपर्यंत होईल असा हिशेब करू नये. आपल्याकडच्या अर्जदारांची फसगत होते ती भाडेकरारात. महाराष्ट्रात घराचा लिव्ह अँड लायसन्स करार बहुतेक वेळा ११ महिन्यांचा असतो, त्यामुळे एका कराराच्या जोरावर बारा महिने कधीच सिद्ध होत नाहीत. दुसरा नूतनीकरणाचा करार, किंवा पुढल्या महिन्यांचे भाडे दिल्याची बँकेतील नोंद, जोडावीच लागते.

नियमांत एक अपवाद आहे: छळामुळे किंवा शिक्षेच्या भीतीमुळे ज्यांना एकत्र राहता आले नाही, पण ज्यांचे नाते किमान वर्षभराचे आहे, त्यांच्यासाठी तो ठेवलेला आहे. घरच्यांची नाराजी किंवा ‘लोक काय म्हणतील’ हा विचार त्यात बसेल असे धरून चालू नये.

एका छपराखाली वर्ष काढणे ही अर्धीच अट झाली. कॅनडातील ब्रॅम्प्टन शहराच्या बेसमेंटमध्ये भाडे वाटून घेणारे रूममेट वर्षभर एकत्र राहतात, पण ते कॉमन-लॉ जोडीदार नसतात. नाते दाम्पत्यासारखे आहे की नाही हे पाहताना कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ‘एम. विरुद्ध एच.’ या खटल्यात उल्लेखिलेले निकष वापरले जातात: निवारा, परस्परांशी वैयक्तिक व लैंगिक वर्तन, घरकामाची वाटणी, एकत्र सामाजिक वावर, आर्थिक आधार, मुले आणि समाज या दोघांकडे कसा पाहतो. प्रत्येक निकष पूर्ण झालाच पाहिजे असे नाही. शेवटच्या निकषापाशी साताऱ्या-सांगलीकडची जोडपी धास्तावतात, कारण पुण्यातले घर आणि गावाकडचे घर यांच्यात भिंत उभी केलेली असते. माझ्या मते ही वस्तुस्थिती झाकण्यापेक्षा सोबतच्या पत्रात साध्या शब्दांत सांगावी: घरी का सांगितले नाही, आणि आपले नाते कोणाला ठाऊक आहे. मग त्या मित्रांची, सहकाऱ्यांची किंवा शेजाऱ्यांची पत्रे जोडावीत. अधिकाऱ्याला न पटणारी गोष्ट म्हणजे गुप्तता नव्हे, विसंगती होय.

उत्तराखंडने समान नागरी कायद्याखाली लिव्ह-इन नात्याची नोंदणी आणली असली तरी महाराष्ट्रात तसे कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे पुरावा गोळा करावा लागतो तो रोजच्या व्यवहारातून. सर्वांत वजनदार कागद म्हणजे दोघांची नावे असलेला नोंदणीकृत भाडेकरार. घरमालक एकाचेच नाव घालायला तयार झाला असेल, तर पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूंची माहिती, सोसायटीचे पत्र, दुसऱ्याच्या नावावरचे गॅस किंवा इंटरनेटचे बिल, त्याच पत्त्यावर येणारी बँकेची कागदपत्रे यांवर भिस्त ठेवावी. वीजबिल सहसा मालकाच्याच नावावर असते, त्याच्या नादी लागू नये. संयुक्त खाते असेल तर उत्तम. नसेल तर दरमहा एकाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेला भाड्याचा व किराणा-दुधाचा वाटा खात्याच्या उताऱ्यावर दिसतोच, आणि बारा महिन्यांच्या अशा नोंदी महाबळेश्वरच्या शंभर फोटोंपेक्षा अधिक बोलतात. विमा पॉलिसीत किंवा खात्यावर एकमेकांना नॉमिनी केले असल्यास तो कागदही जोडावा. आधारवरचा पत्ता गावाकडचाच असेल तर तो नुसता अर्जासाठी घाईने बदलू नये. घाईचा बदल लक्षात आला तर बाकीच्या खऱ्या कागदांकडेही संशयाने पाहिले जाऊ शकते. मराठीतील प्रत्येक कागदाचे इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह, लागते. ते स्वतः अर्जदाराने किंवा नातेवाइकाने केलेले चालत नाही.

यानंतर आयएमएम ५४०९ हे कॉमन-लॉ नात्याचे प्रतिज्ञापत्र. कोर्टाच्या आवारातील टायपिस्ट ‘लिव्ह-इनचे अॅफिडेव्हिट’ म्हणून स्वतःचा मसुदा पुढे करतो. तो नको म्हणावे, मूळ फॉर्मच छापून न्यावा आणि दोघांनी नोटरीसमोर त्यावर सह्या कराव्यात. त्यात किती काळ एकत्र राहत आहोत हे लिहावे लागते, आणि भाडेकरार, मालमत्ता, बँक खाते, विमा यांपैकी काय संयुक्त आहे हे विचारलेले असते. जे नाही ते नाही असेच सांगावे.

तारखांची जुळणी हा कंटाळवाणा पण निर्णायक भाग आहे. मुख्य फॉर्म, कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म, प्रतिज्ञापत्र आणि पत्र या सर्वांत एकच कालक्रम दिसला पाहिजे. पत्रात एकत्र राहू लागल्याची तारीख आणि वर्ष पूर्ण झाल्याची तारीख या दोन्ही लिहाव्यात. यापूर्वीच्या व्हिसा अर्जात ‘अविवाहित’ लिहिले असेल आणि तेव्हा वर्ष पूर्ण झालेले नसेल, तर तेही पत्रात नमूद करावे. कॅनडात आधीच असलेल्यांनी आयकर विवरणात काय लिहिले आहे तेही पाहून घ्यावे. खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास पाच वर्षांची बंदी येऊ शकते. जोडीदाराचे नाव आज दडवले, तर कायम वास्तव्य मिळाल्यानंतर त्याला प्रायोजित करण्याची वाट बंद होण्याचा धोकाही असतो. म्हणून जोडीदार सोबत जाणार नसला तरी दर्जा खराच लिहावा.

दर्जा सिद्ध झाला म्हणजे जोडीदाराला ओपन वर्क परमिट (एकाच मालकाशी न बांधलेला कामाचा परवाना) मिळालाच असे मात्र नाही. २१ जानेवारी २०२५ पासून ही सवलत टीयर (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातील श्रेणी) ० आणि १ मधील, तसेच टीयर २ व ३ मधील निवडक व्यवसायांतील कामगारांच्या जोडीदारांपुरती आहे, आणि जोडीदार अर्ज करील तेव्हा कामगाराच्या परमिटची किमान १६ महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते.

वर्ष पूर्ण व्हायला अवधी असेल तर दोनच सरळ मार्ग उरतात. एक, ते पूर्ण होईपर्यंत जोडीदाराचा अर्ज थांबवणे. पण कामगार एकटा आधी निघून गेला तर मधला काळ एकत्र राहण्यात धरला जात नाही, हे ध्यानात ठेवावे. दुसरा मार्ग विवाहाचा. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोटीस द्यायची तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात आधीचे किमान ३० दिवस वास्तव्य लागते आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. पुण्यात राहणाऱ्याने नोटीस सांगलीत द्यायची ठरवली तर हे दोन्ही महिने प्रवासाच्या तारखेतून वजा करूनच नियोजन करावे. आणि अर्ज प्रलंबित असताना विवाह झाला किंवा वर्ष पूर्ण झाले, तर बदललेली स्थिती इमिग्रेशन विभागाला वेब फॉर्मवरून लगेच कळवावी.