फ्रीवे तुंबतो कुठे आणि आपण बघतो कुठे? या चुका टाळा

मुंबईत नुसतं ‘फ्रीवे’ म्हटलं की ईस्टर्न फ्रीवेच. पी. डी’मेलो रोडवर ऑरेंज गेटला चढायचं आणि वडाळा, आणिक, पांजरापोळचा बोगदा मागे टाकून घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर उतरायचं. १६.८ किलोमीटर, दुचाकींना बंदी, वर एकही सिग्नल नाही. २०१३ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा चेंबूरकरांना फोर्ट शेजारच्या गल्लीत आल्यासारखं वाटलं होतं. आता सकाळी शहराकडे जाताना ऑरेंज गेटच्या अलीकडे ब्रेकलाइटच ब्रेकलाइट.

अशा वेळी आपण जिथे अडकतो तिथेच दुखणं शोधतो, आणि पहिली चूक तीच. रांगेचं शेपूट शिवडीला असो की वडाळ्याला, तिचं डोकं खाली सिग्नलपाशी असतं. मोकळ्या रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० गाड्या जातात, म्हणजे दोन मार्गिकांतून ४,०००. खालच्या सिग्नलला या दिशेसाठी ४० टक्के वेळच हिरवा दिवा असेल, तर एका मार्गिकेतून जेमतेम साडेसातशे सुटतात. तीन मार्गिका दिल्या तरी सव्वादोन हजार. मग वर पट्टे रंगवा नाहीतर फलक लावा, उपयोग शून्य. आधी पायी रांगेच्या डोक्यापर्यंत जा. तिथे वळणावर दुहेरी लावलेल्या टॅक्सी किंवा सिग्नलला खेटून असलेला बसथांबा सापडला, तर तो हलवणं पूल रुंद करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका रस्त्यावर ऐन कोंडीत गाड्या मोजल्या आणि ‘वाहनसंख्या फारशी नाही’ असं खुशाल लिहून दिलं. तुंबलेल्या नळाखाली बादली धरून टाकीत पाणी कमी आहे म्हणण्यातला प्रकार! कोंडीत मोजलेला आकडा पुढचा अडथळा किती गाड्या सोडतो ते सांगतो, किती गाड्यांना जायचंय ते नाही. खरी मागणी हवी तर रांगेच्या शेपटामागे उभं राहून मोजायला हवं, तेही कोंडी सुरू होण्याच्या आधीपासून.

तिसरी चूक बंद पडलेल्या गाडीबाबतची. खालच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की मागे झाडाची फांदी ठेवायची आपली पद्धत. वर फांदीही मिळत नाही, म्हणून डिकी उघडी टाकून माणूस कठड्याला टेकून फोन लावत बसतो. दोनपैकी एक मार्गिका अडली की निम्मी क्षमता उरेल असं वाटतं. प्रत्यक्षात उरते ३५ टक्क्यांच्या आसपास, कारण उरलेल्या मार्गिकेत घुसाघुशी होते आणि जाणारा प्रत्येक जण वाकून बघतो. तासाला ३,५०० गाड्या येत असतील आणि १,४०० सुटत असतील, तर पंधरा मिनिटांत सव्वापाचशे गाड्या साठतात. रस्ता मोकळा झाल्यावरही जादाची क्षमता तासाला ५००ची (४,००० वजा येणाऱ्या ३,५००), म्हणजे पंधरा मिनिटांच्या अडथळ्याचं शेपूट तासभर वळवळतं. म्हणून क्रेन चौकीत नको. गर्दीच्या वेळी ती रॅम्पच्या तोंडाशी, चालकासकट उभी हवी. गाडी लगेच खाली उतरवायची. दंड, पंचनामा, हुज्जत सगळं खाली.

रॅम्पवरून येतील तेवढ्या गाड्या आत घेणं ही चौथी. जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही शिवडीला येऊन मिळाला आहे. अमेरिकेत मिनिआपोलिस-सेंट पॉलमध्ये रॅम्पवर सिग्नल असतात, एका वेळी एक-दोन गाड्याच सोडणारे. लोक वैतागले म्हणून २००० साली ते प्रयोगादाखल काही आठवडे बंद ठेवले. फ्रीवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे असा सिग्नल कोण पाळणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण गर्दीचे दोन तास हवालदाराने रॅम्पवर गाड्या गटागटाने सोडल्या, तरी फरक पडावा.

आता ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम सुरू आहे. तो झाला की डी’मेलो रोडवरचा ताण हलका होईल, हे खरं. पण रांगेचं डोकं मग मरीन ड्राइव्हला निघेल. तिथले सिग्नल, वळणं आणि पार्किंग यांचा हिशेब आत्ताच मांडायला घ्यावा, बोगद्याची फीत कापल्यावर नव्हे.