लेथची जाम झालेली फेसप्लेट न फोडता कशी सोडवायची

लाकूड कातायच्या लेथला कोकणातला पावसाळा मानवत नाही, आणि अंगावर ओला भुसा तसाच राहिला असेल तर अजिबात नाही. सावंतवाडीच्या बाजूला खेळण्यांसाठी पांगारा-आंबा कातणारा एखादा लेथ बंद होऊन पडवीत गेला, की दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे सगळे भाग एकमेकांना धरून बसतात, फेसप्लेटसुद्धा, म्हणजे लाकूड बसवायची ती चकती, जी स्पिंडलवर (फिरत्या दांड्यावर) आट्यांनी चढते. मग तो भंगाराच्या भावात मिळतो. असे बरेच लेथ मी सोडवलेत. एकाची वाटही लावली आहे, ते पुढे येईलच.

प्लग काढलाय, पट्टा उतरवलाय, मोटर बाजूला ठेवलीय, असं धरून चालतो.

आधी तेलाचं बोलू. डब्ल्यूडी-४० मारा आणि दहा मिनिटांत सुटेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणारं असा आहे. ओल घालवायला ते उत्तम, पण वर्षानुवर्षं गंजलेल्या आट्यांसाठी पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे फटीत झिरपणारं पातळ तेल, आणा. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळा आणि कळ काढा. अख्खा टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग) व्हिनेगरमध्ये बुडवा म्हणणाऱ्यांचं तर ऐकूच नका. गंजाबरोबर घासून गुळगुळीत केलेले पृष्ठभागही खाल्ले जातात.

सोपे भाग झटपट उरकतात. टूलरेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) दांड्याला खालून-वरून तेल द्या, रात्रभर थांबा, पाइप पान्याने डावी-उजवीकडे हलवत वर ओढा. टेलस्टॉक सरकत नसेल तर खालचा बोल्ट सैल करा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून ठोका. बेडवरचा, म्हणजे टेलस्टॉक ज्यावर सरकतो त्या आडव्या पाट्यांवरचा, गंज डिझेल आणि एमरी पेपरने निघतो. टेलस्टॉकची नळी आवळणारा स्क्रू मात्र नुसता सैल करू नका, पूर्ण काढा. बऱ्याच लेथमध्ये त्याचं टोक नळीच्या खाचेत असतं, आणि आपण उगाच चाकाशी कुस्ती खेळत बसतो. हेडस्टॉकमधला (स्पिंडल ज्यात फिरतो त्या भागातला) सेंटर, म्हणजे लाकूड धरणारं टोक, मागून पोकळ स्पिंडलमध्ये सळई घालून ठोकला की निघतो. त्याचा निमुळता दांडा, म्हणजे मोर्स टेपर, २० मिमी लांबीला साधारण १ मिमी एवढाच निमुळता असतो, त्यामुळे तो ओढून निघत नाही, ठोक्याने निघतो.

आता फेसप्लेट. इथेच लेथ फुटतात.

हत्यार उचलण्याआधी प्लेटच्या मागच्या मानेवरचा रंग पूर्ण खरवडा. एका लेथवर मी चार दिवस तेल, ठोके, शिव्या सगळं करून पाहिलं होतं. पाचव्या दिवशी रंगाच्या तीन थरांखाली ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, आत बुडणारा स्क्रू) सापडला. ॲलन कीने तो काढल्यावर प्लेट अर्ध्या तासात हातात आली. तेव्हापासून खरवडणं पहिलं, तेल नंतर.

दुसरं, दिशा. आतल्या बाजूला उजवे आटे असतात, म्हणजे टेलस्टॉककडून पाहताना प्लेट घड्याळाच्या उलट सुटते. हेडस्टॉकच्या बाहेरच्या टोकालाही प्लेट असेल तर तिथे बहुधा डावे आटे. तिकडे समोर उभं राहून घड्याळाच्या दिशेने फिरवा. उलटा जोर लावून प्लेट आणखी आवळणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

तिसरं, स्पिंडल धरायचा कसा? त्यावर पान्यासाठी चपट्या बाजू असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर पुलीला जुना पट्टा गुंडाळून पट्टापान्यासारखा आवळा. पुलीवर कामाचे समान भाग पाडण्यासाठी जी भोकं असतात त्यांत पिन घालून स्पिंडल अडवा, हा सल्ला मी एकदा मानला. पुलीची कड तुकडा होऊन पायाशी पडली. बीड (ओतीव लोखंड) वाकत नाही, सरळ तडकतं.

म्हणूनच पाइप लावून अंगाचा भार टाकायचा नाही. प्लेटच्या भोकांतून बाभळीची दोन फुटी पट्टी बोल्टने घट्ट बसवा आणि तिच्या टोकावर लाकडी हातोडीने छोटे, तडक ठोके द्या. ठोका लाकडावर, प्लेटवर नव्हे. गंजाची पकड झटक्याने तुटते, रेटून नाही. प्लेट आणि स्पिंडलच्या फटीत सकाळ-संध्याकाळ तेल, दर वेळी दहा-बारा ठोके, असं तीन-चार दिवस करा.

तरीही हलली नाही तर उष्णता द्यायची. सगळं तेल पुसा, भुसा झाडून टाका, शक्यतो लेथ अंगणात न्या. हीट गनने फक्त प्लेटची मान तापवा आणि मागच्या स्पिंडलला ओली चिंधी गुंडाळा. २५ मिमीचं भोक १०० अंशांनी तापलं तर जेमतेम मिलिमीटरचे ३ शतांश मोठं होतं. सावकाश तापवत बसलात तर स्पिंडलही तेवढाच फुगतो आणि मेहनत पाण्यात जाते. तापली की लगेच ठोके. गॅसची बत्ती नकोच: जुन्या लेथमध्ये पांढऱ्या धातूचे बेअरिंग असू शकतात आणि ते अडीचशे अंशांच्या आतच वितळू लागतात. गरम फटीला मेणबत्ती टेकवली की मेण आत ओढलं जातं. तेल जिथे पोचत नाही तिथे मेण पोचलेलं मी दोनदा पाहिलंय.

प्लेट निघाली की आटे पितळी ब्रशने साफ करा आणि थोडं ग्रीस लावा. परत बसवताना स्पिंडलच्या खांद्याशी, म्हणजे प्लेट जिथे टेकते त्या कडेशी, तेलाच्या कॅनच्या प्लास्टिकची पातळ चकती कापून घाला, म्हणजे लोखंड लोखंडाला धरत नाही. जूनमध्ये लेथ झाकून ठेवणार असाल तर प्लेट काढूनच ठेवा.