घरच्या तंबाखूला लागणारा भुंगेरा

निपाणी पट्ट्यात घरापुरती चार रोपं लावणारे पानं वाळवताना जिवापाड जपतात आणि नंतर पोत्यात बांधून विसरतात. घात होतो तो तिथेच. पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि तळाशी बारीक भुकटी दिसली, तर समजा तंबाखूचा भुंगेरा शिरला. तांबूस, कुबड काढलेला, जेमतेम 2-3 मिलिमीटरचा. पानं खाते ती त्याची पांढरी, लवदार अळी. उबेत महिना-दीड महिन्यात नवी पिढी तयार होते.

थोडा माल असेल तर डीप फ्रीझरसारखा उपाय नाही. नीट वाळलेली पानं जाड प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करा आणि उणे 18 अंशांवर किमान आठवडाभर ठेवा. गठ्ठा लहानच बांधा, मोठ्याच्या गाभ्यापर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका! आतला माल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पानांवर दव धरून बुरशी येते. गोठलेली पानं हाताळली तर चुराही होतो.

मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. हाच किडा हळद, धने, मिरचीतही पडतो, म्हणून तंबाखू मसाल्यांच्या फडताळात नको, आणि किडका मसालाही घरात ठेवू नका. जुनी पोती पुन्हा वापरू नका.

धान्यात टाकतात त्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात कधीच वापरू नका. त्यांच्या वायूने माणसं दगावली आहेत.